पैदाशीचा नर आणि खनिज मिश्रण : समथरच्या शिवारातून काही हिशेब

झाशी जिल्ह्याच्या मोठ तहसिलीत, बेतवा आणि पहूज या दोन नद्यांच्या मधल्या सपाट प्रदेशात समथर वसले आहे. स्वातंत्र्यापूर्वी हे बुंदेलखंडातील एक छोटे संस्थान होते. आज ते किल्ल्यासाठी आणि भोवतालच्या गहू, हरभरा व वाटाण्याच्या शेतीसाठी ओळखले जाते. झाशीशी मराठी माणसाचे नाते नेवाळकर घराण्यापासूनचे आहे. परंतु या लेखात समथरचा विचार करण्याचे कारण इतिहासातले नाही, ते गोठ्यातले आहे. अनियमित पाऊस, काळ्या व तांबड्या जमिनींची सरमिसळ, वर्षातील बराच काळ सुक्या चाऱ्यावर काढणारी जनावरे आणि भूमिहीन कुटुंबांचा शेळीवर असलेला आधार, हे चित्र मराठवाडा व विदर्भातील विस्तार कार्यकर्त्याला अनोळखी वाटणार नाही.

अशा भागात एक तक्रार वारंवार ऐकू येते : "शेळ्या उलटतात", "गाय ठरत नाही". तक्रार आली की उपाय मादीवर सुरू होतात. तिला जंतनाशक दिले जाते, तिचा खुराक वाढवला जातो, तिची तपासणी होते. आणि दोन-तीन वेळा माज उलटला की तिला भाकड ठरवून बाजार दाखवला जातो. ज्या बोकडाने किंवा वळूने ती भरवली, त्याच्याकडे मात्र क्वचितच कोणी पाहते. एका बोकडावर साधारण 25 ते 30 शेळ्या अवलंबून असतात. एक शेळी ठरली नाही तर एका घराचे नुकसान होते. बोकड नाकाम असेल तर साऱ्या वाडीचा हंगाम वाया जातो. शेळीचा माज सुमारे 21 दिवसांनी पुन्हा येतो. बोकडाचा दोष लक्षात येईपर्यंत दोन माज निघून गेले, तर 30 शेळ्यांचे प्रत्येकी 42 दिवस गेले असा त्याचा अर्थ होतो. त्यात निरोगी शेळ्या कवडीमोलाने विकल्या गेल्या, तर ते नुकसान भरून येत नाही.

नराची प्रजननक्षमता अनेक गोष्टींवर अवलंबून असते. त्यांपैकी आहारातील खनिजे हा घटक सर्वांत स्वस्तात दुरुस्त होणारा आहे आणि सर्वाधिक गैरसमजांनी वेढलेलाही आहे. क्षार मिश्रण म्हणजे नराला जोम आणणारे औषध, अशी समजूत अनेक ठिकाणी दिसते. वस्तुस्थिती अशी की, खनिज मिश्रण कमतरता भरून काढते. त्यापलीकडे ते काही करत नाही. ते कोणाला द्यावे, किती द्यावे आणि मुख्य म्हणजे केव्हा सुरू करावे, याचा विचार येथे केला आहे.

माती, भुसा आणि कमतरता

जनावराच्या अंगातील खनिजांचा उगम मातीत असतो. बुंदेलखंडातील शेतकरी आपल्या जमिनी चार नावांनी ओळखतो. राकड व परवा या हलक्या, तांबूस जमिनी. काबर व मार या भारी, काळ्या जमिनी. त्यांतील मार ही आपल्याकडील काळ्या कसदार जमिनीची जवळची नातलग म्हणता येईल. हलक्या जमिनीत मुळातच जस्ताचा साठा कमी असतो. भारी, चुनखडीयुक्त व अल्कधर्मी जमिनीत जस्त असले तरी ते पिकाला सहज मिळत नाही. म्हणजे दोन्ही टोकांच्या जमिनींत चाऱ्याला जस्त कमी पडण्याची शक्यता राहते. देशभरातील मातीच्या नमुन्यांच्या तपासणीत एक तृतीयांशाहून अधिक नमुने जस्ताच्या बाबतीत कमतरतेचे आढळले आहेत, हे लक्षात घेतले तर हा प्रश्न केवळ समथरचा उरत नाही.

त्यात भर पडते ती चाऱ्याच्या प्रकाराची. समथरच्या परिसरात वर्षभराचा मुख्य सुका चारा म्हणजे गव्हाचा भुसा. पोट भरण्यास तो उपयोगी असला तरी पोषण म्हणून दुबळा असतो. त्यात प्रथिने सुमारे 3 टक्के, तर स्फुरद 0.1 टक्क्याच्याही आत असते. जनावराच्या एकूण आहारात किमान 0.25 टक्के स्फुरद, किलोमागे सुमारे 30 मिलिग्रॅम जस्त आणि 8 मिलिग्रॅम तांबे असावे, या मर्यादा पशुपोषणशास्त्रात सर्वसाधारणपणे वापरल्या जातात. केवळ भुशावर जगणारा नर या तिन्ही मर्यादांच्या खाली राहण्याचा धोका असतो. हरभरा व इतर कडधान्यांचा भुसा त्यामानाने बरा. त्यात चुन्याचे प्रमाण चांगले असते.

बुंदेलखंडातील 'अन्ना प्रथा' या प्रश्नाला आणखी एक पदर जोडते. रब्बीची काढणी झाली की जनावरे मोकळी सोडून देण्याची ही रीत पूर्वी खरिपाच्या पेरणीपर्यंतच चाले. आता अनेक गावांत जनावरे वर्षभर मोकळी फिरतात. मोकाट कळपातील वळू कोणाचाच नसतो. त्यामुळे त्याला खुराक कोण देणार, त्याची तपासणी कोण करणार, या प्रश्नांना उत्तर नसते आणि गाईंची पैदास मात्र त्याच्याकडूनच होते. गाई-म्हशींत कृत्रिम रेतनाने या अडचणीतून वाट काढता येते, कारण रेतन केंद्रावरील वळूंचा आहार, आरोग्य व वीर्य यांवर नियमित देखरेख असते. शेळ्या-मेंढ्यांत मात्र नैसर्गिक संयोग हाच बहुतेकांचा मार्ग आहे. काळ्या रंगाची, लांब पायांची, दूरवर चालून चरणारी बुंदेलखंडी शेळी आणि झाशी-जालौन भागातील जालौनी मेंढी यांच्या पालकांसाठी गावातील बोकड किंवा मेंढा हेच पैदास केंद्र असते.

वरून धष्टपुष्ट, आतून अपुरा

"आमचा बोकड तर चांगला तयार आहे, त्याला कसली कमतरता?" हा प्रश्न प्रत्येक कार्यकर्त्याने ऐकलेला असतो. त्याचे उत्तर पन्नास वर्षांपूर्वीच मिळालेले आहे. ऑस्ट्रेलियातील अंडरवूड आणि सोमर्स या संशोधकांनी तरुण मेंढ्यांवर केलेला प्रयोग 1969 साली प्रसिद्ध झाला. नर मेंढ्यांच्या गटांना जस्ताचे वेगवेगळे प्रमाण असलेला आहार देण्यात आला : किलोमागे 2.4, 17.4 व 32.4 मिलिग्रॅम. सर्वांत कमी जस्ताच्या गटात वाढ खुंटली, हे अपेक्षितच होते. बोध देणारा निष्कर्ष मधल्या गटाचा आहे. 17.4 मिलिग्रॅम जस्तावर मेंढ्यांच्या शरीराची वाढ समाधानकारक झाली. परंतु वृषणांची वाढ आणि शुक्राणूंची निर्मिती मात्र अपुरी राहिली. ती नीट होण्यास 32.4 मिलिग्रॅमचा आहार लागला.

याचा अर्थ स्पष्ट आहे. शरीर वाढण्यास जेवढे जस्त पुरते, तेवढे प्रजननास पुरत नाही. नर अंगाने भरलेला, कातडी तुकतुकीत, चाल रुबाबदार. तरीही त्याचे वीर्य कमजोर असू शकते. डोळ्यांनी केलेली पारख येथे फसते, ती याच कारणाने. विशेषतः वयात येणाऱ्या नराच्या बाबतीत हे अधिक खरे आहे, कारण वृषणांची वाढ त्याच काळात होत असते.

जस्ताचे हे महत्त्व का? वृषणांत शुक्राणू तयार होताना पेशींचे विभाजन अखंड चालू असते आणि पेशीविभाजनाला जस्त लागते. नरसंप्रेरक तयार करणाऱ्या पेशींचे कार्यही जस्तावाचून मंदावते. जस्ताचा मोठा साठा शरीरात राहत नसल्याने ते आहारातून सातत्याने मिळावे लागते.

इतर खनिजांची कामे

तांब्याची कमतरता दोन प्रकारे होते. एक, चाऱ्यात तांबे मुळातच कमी असते. दोन, चाऱ्यात मॉलिब्डेनम व गंधक जास्त असल्यास पोटात त्यांचा तांब्याशी संयोग होऊन तांबे शरीराला मिळत नाही. अल्कधर्मी जमिनीत वनस्पती मॉलिब्डेनम अधिक शोषून घेतात, म्हणून भारी काळ्या जमिनीच्या भागात याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. अमेरिकेत 1951 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तरुण वळूंना मॉलिब्डेनम जास्त दिल्यावर त्यांची कामेच्छा मंदावली आणि वृषणांतील शुक्राणू तयार करणाऱ्या ऊतींची हानी झाली. काळ्या शेळीच्या किंवा म्हशीच्या केसांवर तांबूस छटा येणे ही तांब्याच्या कमतरतेची खूण असू शकते. बुंदेलखंडी शेळी काळीच असल्याने ती तेथे लवकर नजरेस येते.

सेलेनियम शुक्राणूच्या मधल्या भागाच्या रचनेत असते. शुक्राणूच्या हालचालीला लागणारी ऊर्जा त्याच भागात तयार होते. सेलेनियम कमी पडले तर शुक्राणू दिसतात पण पुढे सरकत नाहीत, शेपट्या तुटतात किंवा वाकतात. ई जीवनसत्त्व त्याचे जोडीदार आहे. मंगल हे संप्रेरकनिर्मितीच्या प्रक्रियेत मदत करते. आयोडीन गलग्रंथीमार्फत वाढ आणि कामेच्छा या दोन्हींवर परिणाम करते. कोबाल्टपासून पोटातील सूक्ष्मजीव बी-12 जीवनसत्त्व तयार करतात. ते कमी झाले तर भूकच मंदावते. स्फुरदाच्या कमतरतेची ओळख खेड्यात सर्वांना आहे : जनावर माती, हाडे, चिंध्या चघळू लागते.

माणसांतील दोन धडे

पुरुषांच्या वंध्यत्वावर जस्ताच्या गोळ्या घेण्याची पद्धत शहरांत वाढते आहे, आणि गोठ्यातील प्रश्न समजून घेण्यास वैद्यकातील दोन घटना उपयोगी पडतात. पहिली 1961 साली प्रसिद्ध झालेली. मूळचे बिहारचे डॉ. आनंद प्रसाद इराणमधील शिराझ येथे काम करत असताना त्यांच्यासमोर खेड्यातील असे तरुण आले की, ज्यांची उंची खुंटलेली होती आणि जननेंद्रियांची वाढच झालेली नव्हती. त्यांचा आहार प्रामुख्याने कोंड्यासकटच्या रोटीचा होता आणि माती खाण्याची सवयही होती. धान्यातील फायटेटमुळे जस्त शरीराला मिळत नव्हते. पुढील अभ्यासात जस्त दिल्यावर अशा रुग्णांची वाढ व लैंगिक विकास सुरू झाल्याचे दिसले. माणसालाही जस्ताची कमतरता होऊ शकते, हे जगाला यातून कळले.

दुसरी घटना 2020 सालची. अमेरिकेत वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या 2,370 जोडप्यांतील पुरुषांवर मोठी चाचणी झाली. एका गटाला सहा महिने रोज 30 मिलिग्रॅम जस्त व 5 मिलिग्रॅम फॉलिक आम्ल देण्यात आले. दुसऱ्याला निष्क्रिय गोळी. वीर्याच्या गुणवत्तेत किंवा मूल होण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. जेथे कमतरता होती तेथे जस्ताने आयुष्य बदलले. जेथे सरसकट सर्वांना दिले गेले तेथे काहीच घडले नाही. पशूंनाही हाच न्याय लागू आहे. एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील सूक्ष्मजीव फायटेट फोडू शकतात. म्हणून कोंडा हा माणसाच्या आहारात जस्ताला अडवत असला तरी वळू-बोकडाच्या आहारात तो जस्त व स्फुरदाचा चांगला पुरवठादार ठरतो. आणि जनावरांचे क्षार मिश्रण माणसाने घेण्याची वस्तू नव्हे, हेही येथेच सांगितलेले बरे.

वेळेचा हिशेब : हंगामाच्या अडीच महिने आधी

खनिज मिश्रण देऊनही "गुण आला नाही" असे म्हणणाऱ्यांपैकी अनेकांची चूक मात्रेत नसून वेळेत असते. वळूमध्ये एक शुक्राणू तयार होण्यास सुमारे 61 दिवस लागतात. त्यानंतर वृषणाशेजारच्या नलिकेतून जाऊन पक्व होण्यास आणखी 8 ते 11 दिवस. म्हणजे आज संयोगात बाहेर पडणाऱ्या शुक्राणूची घडण सुमारे 70 दिवसांपूर्वी सुरू झालेली असते. बोकड व मेंढ्यात हा काळ काहीसा कमी, सुमारे 48 दिवस व वर पक्वतेचा काळ, म्हणजे जवळपास दोन महिने असतो.

यावरून दोन गोष्टी निघतात. शेळ्या माजावर आल्यावर बोकडाला मिश्रण सुरू केले तर त्या हंगामाला त्याचा उपयोग नाही. आणि आठ दिवस देऊन परिणाम शोधणे व्यर्थ आहे. ऑक्टोबरात शेळ्या भरवायच्या असतील, तर बोकडाचा खुराक ऑगस्टच्या आरंभी सुरू झाला पाहिजे. म्हशींचा मुख्य माजाचा हंगाम पावसाळा संपल्यावर येतो. त्यासाठी रेड्याची तयारी जुलैपासून हवी. वळूसाठी 75 दिवसांचा काळ हिशेबाला सोयीचा ठरतो.

मात्रेचा हिशेब

बाजारातील मिश्रण घेताना त्यावर भारतीय मानक ब्युरोचा आयएस 1664 हा क्रमांक आहे का, हे पाहावे. 2002 च्या मानकानुसार मीठविरहित मिश्रणात किमान 20 टक्के कॅल्शियम, 12 टक्के स्फुरद, 0.80 टक्के जस्त आणि 0.10 टक्के तांबे असावे लागते. आता सुमारे 350 किलो वजनाच्या, दिवसाला 8 किलो शुष्क आहार घेणाऱ्या वळूचे उदाहरण घेऊ. तो 7 किलो गव्हाचा भुसा, 1 किलो गव्हाचा कोंडा व 50 ग्रॅम मिश्रण खातो, असे धरू. भुशातील खनिजे शेतागणिक बदलतात. खालील आकडे हिशेबाची रीत समजण्यासाठी घेतले आहेत.

स्फुरद : गरज 8 किलोच्या 0.25 टक्के, म्हणजे 20 ग्रॅम. भुशातून 0.08 टक्क्याने 5.6 ग्रॅम, मिश्रणातून 6 ग्रॅम, कोंड्यातून सुमारे 10 ग्रॅम, एकूण 21.6 ग्रॅम. कोंडा वगळला तर मिश्रण देऊनही स्फुरद कमीच पडते.

तांबे : भुशातून किलोमागे 4 मिलिग्रॅम धरल्यास 28, कोंड्यातून सुमारे 12, मिश्रणातून 50, एकूण 90 मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे सुमारे 11. मिश्रण वगळले तर किलोमागे केवळ 5 उरते. कोंडा असूनही तांब्याची गरज भागत नाही.

जस्त : भुशातून किलोमागे 20 मिलिग्रॅम धरल्यास 140, कोंड्यातून सुमारे 80, मिश्रणातून 400, एकूण 620 मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे 77. ही गरजेहून पुरेशी जास्त व सुरक्षित मर्यादेच्या बरीच आत आहे. यापुढे मात्रा दुप्पट करण्याचे कारण उरत नाही.

कोंडा आणि मिश्रण ही एकमेकांची जागा घेणारी नाहीत, तर एकमेकांना पूरक आहेत, हे या हिशेबातून दिसते. मोठ्या वळू-रेड्याला दिवसाला 50 ग्रॅम, वाढत्या नर वासराला 20 ते 25 ग्रॅम आणि बोकडाला 5 ते 10 ग्रॅम मिश्रण पुरेसे होते. ते खुराकात मिसळून द्यावे, म्हणजे प्रत्येक जनावराला नेमके किती गेले हे कळते. चाटण वीट सोयीची असली तरी कोणी किती चाटले याची खात्री तीत नसते. आपल्या भागातील मातीचा व चाऱ्याचा अभ्यास करून तयार केलेले क्षेत्रनिहाय मिश्रण मिळत असेल तर ते अधिक चांगले. बंगळुरूची राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाविज्ञान संस्था आणि आणंदचे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ यांनी या दिशेने काम केलेले आहे.

खर्चाचा विचार करू. बोकडाला 75 दिवस रोज 10 ग्रॅम दिले तर एकूण 750 ग्रॅम मिश्रण लागते. त्याच्यावर 30 शेळ्या असतील तर शेळीमागे वाटा 25 ग्रॅमचा. वळूला याच काळात पावणेचार किलो लागते. अडचण रकमेची नसून ती कोणी द्यावी याची आहे. बोकड एकाच्या घरचा आणि लाभ सर्वांचा, म्हणून कोणीच खर्च करत नाही. शेळीपालक गटाने भरणावळीत मिश्रणाचा वाटा धरला, किंवा बचत गटाने बोकडाचा खुराक सामाईक घेतला, तर हा गुंता सुटतो. विस्तार कार्यकर्त्याचे काम मिश्रणाची पिशवी पोचवण्याने संपत नाही. ही व्यवस्था उभी करणे हाच त्याचा गाभा आहे.

जास्त म्हणजे चांगले नव्हे

खनिजांच्या बाबतीत अतिरेक कमतरतेइतकाच घातक असतो. चार धोके विशेष लक्षात ठेवावेत.

पहिला, मेंढ्यांना गाईंचे मिश्रण. मेंढीच्या यकृतात तांबे साठत जाते आणि एका टप्प्यावर विषबाधा होऊन ती अचानक दगावते. तिची सहनशक्ती गाय व शेळीपेक्षा बरीच कमी असते. जालौनी असो की दख्खनी, मेंढ्याला मेंढ्यांसाठी बनवलेले, तांबे कमी असलेले मिश्रणच द्यावे.

दुसरा, सेलेनियम. त्याची गरज किलोमागे 0.1 ते 0.3 मिलिग्रॅम इतकी अल्प आहे आणि 5 मिलिग्रॅमच्या आसपास विषारी परिणामांची मर्यादा सुरू होते. पंजाबात नवांशहर-होशियारपूर पट्ट्यातील काही जमिनींत सेलेनियम मुळातच जास्त असल्याने तेथील जनावरांत खूर व शिंगे गळण्यापर्यंत परिणाम दिसलेले आहेत. सेलेनियमची इंजेक्शने पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय देऊ नयेत.

तिसरा, मुतखडा. नराचा मूत्रमार्ग अरुंद असतो. कोंडा व धान्य भरपूर, चुन्याचे प्रमाण कमी आणि पाणी अपुरे, असे जुळून आले की बोकडाला लघवी अडण्याचा त्रास होतो. आहारात कॅल्शियम स्फुरदापेक्षा दीडपट ते दुप्पट असावे, बोकडाला कोंडा मुठी-दोन मुठींच्या पलीकडे जाऊ नये आणि स्वच्छ पाणी सदैव समोर असावे.

चौथा, चुन्याचा अतिरेक. कॅल्शियम फार झाले तर जस्ताचे शोषण घटते. दुभत्या गाईसाठी आणलेली कॅल्शियमची बाटली वळूला पाजण्याने लाभ नाही, उलट हानीच संभवते.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. सरकीच्या पेंडीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. ते जास्त प्रमाणात गेल्यास शुक्राणूच्या मधल्या भागाला इजा करते. तरुण नर त्याला लवकर बळी पडतात. दुभत्या जनावराला चालणारी सरकी पैदाशीच्या नराला मुख्य खुराक म्हणून देऊ नये. तेथे भुईमूग किंवा तिळाची पेंड अधिक योग्य.

मिश्रणाने न सुटणारे प्रश्न

वृषणांचे तापमान शरीरापेक्षा 2 ते 6 अंशांनी कमी राहिले तरच शुक्राणू नीट तयार होतात. झाशीच्या परिसरात मे-जूनमध्ये पारा 45 अंशांच्या पुढे जातो. त्या काळात उन्हात बांधलेल्या नराचे वीर्य पुढील सहा ते आठ आठवडे कमजोर राहू शकते. सावली, वारा आणि पाणी यांची जागा कोणतेही मिश्रण घेऊ शकत नाही.

वर्षभर सुक्या भुशावर राहणाऱ्या नराला अ जीवनसत्त्वाची उणीव भासते, कारण ते हिरव्या चाऱ्यातील कॅरोटीनपासून तयार होते. त्याच्या अभावी शुक्राणूनिर्मिती खालावते. रोज थोडा तरी हिरवा चारा, तो नसेल तर बोर, अंजन अशा झाडांचा पाला द्यावा. झाशीत 1962 साली स्थापन झालेली भारतीय गवताळ प्रदेश व चारा संशोधन संस्था हिरव्या चाऱ्याच्या वाणांवर व लागवडीच्या पद्धतींवर काम करते. समथरचा शेतकरी तेथे एका दिवसात जाऊन येऊ शकतो.

ब्रुसेलोसिससारखा रोग नराच्या वृषणांना सूज आणतो आणि संयोगातून पसरू शकतो. त्याची लस केवळ 4 ते 8 महिने वयाच्या मादी वासरांना दिली जाते, नरांना नाही. म्हणून नराची रक्ततपासणी हाच मार्ग उरतो. कळपात शेळ्या वा गाई गाभडत असतील तर मिश्रणाचा विचार नंतर, तपासणी आधी. हा रोग माणसालाही होतो, हे विसरू नये.

कार्यकर्त्याने गावात काय करावे

तक्रार आल्यावर प्रथम नोंद मागावी : कोणत्या नराने किती माद्या भरवल्या आणि त्यांपैकी किती 21 दिवसांनी उलटल्या. वेगवेगळ्या घरच्या, वेगवेगळ्या खुराकावरच्या माद्या एकाच नरानंतर उलटत असतील, तर संशयाची दिशा नराकडे वळते. एकाच घरच्या माद्या उलटत असतील, तर त्या घरच्या चाऱ्याकडे पाहावे.

त्यानंतर नराची तपासणी करावी. दोन्ही वृषण सारखे, घट्ट व हलते आहेत का, गाठ वा सूज आहे का, हे हाताने पाहावे. अंडकोशाचा घेर मापपट्टीने मोजून दर दोन महिन्यांनी लिहून ठेवावा. त्याच वयाच्या व जातीच्या इतर नरांशी त्याची तुलना करावी. वाढीच्या वयात घेर वाढत नसेल तर ती धोक्याची सूचना समजावी. पशुवैद्यकाकडून वीर्याची तपासणी करून घेता आली तर उत्तम. शक्य असल्यास चाऱ्याचा नमुना कृषी विज्ञान केंद्र किंवा पशुवैद्यक विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पाठवावा.

मिश्रण सुरू करण्यापूर्वी जंतनिर्मूलन, मग मोजलेली मात्रा, आणि 75 दिवसांनी पुन्हा तीच तपासणी, असा क्रम ठेवावा. सुधारणा दिसली तर कमतरता होती हे सिद्ध झाले. दिसली नाही तर कारण दुसरीकडे शोधावे आणि तो नर पैदाशीतून काढून टाकण्याचा निर्णय घ्यावा. तोवर त्याने भरवलेल्या एकाही मादीला भाकड म्हणून विकू नये. तिला दुसऱ्या, खात्रीच्या नराकडे एकदा तरी न्यावे.

समथर असो वा सोलापूर, चाळीस-पन्नास शेळ्यांच्या वस्तीत दोन बोकड असतात आणि त्यांच्यावर साऱ्या वस्तीचे वर्ष अवलंबून असते. येत्या हंगामाच्या अडीच महिने आधी त्या दोन बोकडांच्या अंडकोशाचा घेर मोजून वहीत लिहिणे आणि त्यांच्या खुराकात दहा-दहा ग्रॅम मिश्रण मिसळणे, एवढ्यापासून आरंभ करता येईल.